माझ्या घरात तिला काही कमी नव्हतं

आमच्या लोकांत दारात कुणीही उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच, जेवलीस का. पोस्टमन असो, हीटर दुरुस्त करायला आलेला माणूस असो, नाव-गाव मागाहून. माझी आई विचारायची, तिची आई विचारायची, आणि अलास्कातल्या या बेटावर एकतीस वर्षं मासे साफ करून माझी बोटं वाकडी झाली तरी मीही विचारते. या सवयीचं मला फार कौतुक होतं. आता काय झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

मी फेलिसा. वय त्रेसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. बंदरावर मासळीचा कारखाना आहे, तिथे मी सरकत्या पट्ट्यापाशी उभी असते. पट्टा चालू झाला की सामन मासे येतात, सुरी चालवायची, आतडी काढायची, पुढे ढकलायचं. पट्ट्यापाशी निम्म्याहून जास्त आम्ही फिलिपिनो बायका. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं माझा नवराही म्हणायचा, आणि तो बिचारा उगाच बोलणारा नव्हता.

दिविना पहिल्यांदा दिसली ती चर्चमध्ये. फेब्रुवारी महिना, आणि अंगात पातळसा कोट. शेजारी आर्लो लुंडीन, पन्नाशी ओलांडलेला, बापाची बोट चालवणारा, बेटावरच्या जुन्या मासेमारांपैकी एक. कॉम्प्युटरवर ओळख झाली, दोनदा मनिलाला जाऊन आला आणि तिला लग्नासाठी घेऊन आला. ती फिलिपिन्समधल्या लुम्बान गावची, चौतीस वर्षांची. लुम्बानच्या बायका अननसाच्या धाग्याच्या तलम कापडावर भरतकाम करतात, आमच्याकडच्या नवरदेवांचे शर्ट तिथूनच भरून येतात. तिनं मला तिच्या हातचा एक रुमाल दाखवला होता. मी तो उलटा करून पाहिला, कारण मी खवचट आहे, आणि उलट्या बाजूला एकही गाठ सापडली नाही.

ती मला तीता म्हणायला लागली. आमच्यात मावशी, आत्या, काकू, वयानं मोठी शेजारीण, सगळ्यांना हाच एक शब्द.

लग्नाआधी नऊ दिवस आर्लो तिला त्याच्या वकिलाकडे, त्या मिस्टर कोलकडे, घेऊन गेला आणि लग्नाआधीचा करार पुढे ठेवला. बोट त्याची, मासेमारीचा परवाना त्याचा, घर त्याचं. लग्न मोडलं तर तिला काही मिळणार नाही, पोटगी नाही, आणि ती काही मागणारही नाही. तिचा असा वकील नव्हताच. हे सगळं तिनंच मला सांगितलं, तेही जराही कडवटपणा न ठेवता. बोट त्याच्या बापाची आहे तीता, मी कशाला मागू, असं म्हणाली. मीही शहाणपणा केला. म्हटलं, कर सही, या लोकांना बायकोपेक्षा बोटीची काळजी जास्त, एकदा सही झाली की तो निवांत झोपेल. तिनं झोकात सही केली. तिची सहीसुद्धा भरतकामासारखी होती, डी अक्षराला वेल फुटलेला.

लग्न झालं आणि कायम राहायच्या कागदांची वेळ आली. नवऱ्यानं सरकारला लिहून द्यायचं असतं की ही बाई तुमच्यावर ओझं होणार नाही, हिला मी पोसेन. पण त्यासाठी कमाई दाखवावी लागते. आता आर्लोसारखा बोटवाला म्हणजे बाजारात श्रीमंत आणि कागदावर भिकारी. इंजिनाचा खर्च, जाळ्यांचा खर्च, कर्जाचे हप्ते वजा करून त्याची कमाई उरली होती मुठीएवढी. सरकार म्हणालं, आणखी एक जामीन आणा. मग एका रविवारी तो एक भलाथोरला हॅलिबट मासा घेऊन माझ्या दारात आला. मी आधी विचारलं, जेवलास का. त्यानं पोटभर खाल्लं, मग कागद काढला. माझा पगार छोटा, पण दर पंधरवड्याला न चुकता चिठ्ठीवर येणारा. तेवढा पुरेसा होता.

कागद भरून देणाऱ्या हिशेबनीसानं मला बजावलं होतं, बाई, ही साक्षीदाराची सही नाही, नवऱ्याची आणि तुमची जबाबदारी सारखीच. मी हसले. दिविना टेबलापाशी मान खाली घालून बसली होती. नाही कसं म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलेलंच नाही. केली सही.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात आर्लोच्या अंगणात लाकडं फोडायच्या यंत्रात तिचा उजवा हात सापडला. हिवाळ्याचं सरपण ती एकटीच फोडत होती, तो बंदरावर होता. इथल्या दवाखान्यानं हात वाचवला, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं आत वळली ती वळलीच, आणि अंगठ्यात जोर उरला नाही. दवाखान्याचं बिल आलं तसं आर्लोचं तोंड बदललं. तिच्या हातून भांडी पडायला लागली, तो त्यावरून बोलायला लागला, मग बोलायचाच बंद झाला. जानेवारीत घटस्फोटाचे कागद दिले. एका संध्याकाळी ती एक बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी विचारलं, जेवलीस का. हो म्हणाली. खोटं बोलत होती, हे तिनं भात कसा खाल्ला त्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घास हातात धरून ती म्हणाली, तीता, हात बरा झाला की मी तुझं सगळं फेडीन. तिचं जेवण थांबू नये म्हणून मी म्हटलं, बरं बरं. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

घटस्फोट एप्रिलमध्ये झाला. करारात लिहिलं होतं तसंच झालं, तिला काही मिळालं नाही. कारखान्यात एका हाताचं काम नसतं. हॉटेलच्या धुलाईत आठवडाभर ठेवली आणि चादरींच्या घड्या होईनात म्हणून काढली. सरकारी औषधपाण्याची मदत कायम राहायचे कागद मिळून पाच वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही. अँकरेजला हाताचा एक डॉक्टर होता, त्यानं फोटो पाहून सांगितलं की बोटं सरळ होतील, सुई धरता येईल, पण मार्चच्या आत शस्त्रक्रिया झाली पाहिजे. त्यानंतर आतले धागे आखडतात, मग कुणाच्या बापालाही ते सुटत नाहीत. हप्त्यानं पैसे घ्यायला त्यांची तयारी होती, फक्त दरमहा काहीतरी ठरावीक येतं याचा कागद हवा होता.

हा कागद कसा मिळेल ते सांगितलं मिस व्हिटेकरनं. ती गरिबांची फुकट वकिली करणाऱ्या संस्थेतली, तिशीचीही नसेल, नाकाला कायम सर्दी. तिनं समजावलं की लग्नाआधीचा करार हा नवरा-बायकोतला. पण पोसण्याचं वचन त्यानं सरकारला दिलेलं आहे, ते बायकोला सही करायला लावून पुसता येत नाही. लग्न मोडलं तरी ते वचन मोडत नाही. ती नागरिक झाली, तिचं दहा वर्षांचं काम भरलं, ती देश कायमचा सोडून गेली किंवा दोघांतलं कुणी मेलं, तरच ते संपतं. महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास निघतात. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या देशात नवरा सुटतो पण त्याची सही सुटत नाही. ती हसली आणि शिंकली.

मग जरा चाचरत म्हणाली की जामीन दोन आहेत, तेव्हा खटल्यात दोघांचीही नावं घालणं शहाणपणाचं. मी काही बोलायच्या आत दिविनानं मान हलवली. तीताचं नाव नाही. मिस व्हिटेकरनं दोनदा समजावलं, की नाव घातलं म्हणजे तीताला लुबाडणं नव्हे. दिविना म्हणाली, नाही. आमच्यात एक आतलं ऋण असतं. कुणी आपल्याला पाण्यातून बाहेर काढलं की ते चढतं, ते फिटत नाही आणि कुणी फेडून टाकायलाही बघत नाही, ते आयुष्यभर बाळगायचं. अशा माणसाला कोर्टात ओढणारी बाई आमच्या गावात तोंड दाखवू शकत नाही. हे त्या सर्दीवाल्या पोरीला कुठून कळणार. खटला एकट्या आर्लोवर झाला.

त्या उन्हाळ्यात आमची दशा काय होती ते इथं सांगते, कारण कोर्टात सांगितली नाही. कारखान्याचे तास कमी झाले होते. भावाच्या मुलींची फी मी पाठवायची, ती थांबवता येत नव्हती. मागच्या खोलीचा हीटर मी फेब्रुवारीतच बंद केला होता, दिविना कोट घालून झोपायची. बोटीवरचे लोक सामनची डोकी फेकून देतात, ती आणून आम्ही चिंच घालून आंबट सार करायचो, दिवसातून एकदा. तिच्या पायातले बूट माझे जुने. मिळेल तेव्हा मी संध्याकाळची पाळीही धरायची. दिविनानं हे सगळं मिस व्हिटेकरला सांगितलं होतं, मला न विचारता, आणि मला त्याचा राग आला होता. घरातली गोष्ट घरात.

सुनावणी सप्टेंबरात होती. आदल्या दिवशी मिस व्हिटेकरनं मला बसवलं. म्हणाली, आर्लोचा वकील असं म्हणेल की दुसऱ्या जामिनानं तिला पोसलंच आहे, म्हणजे गरज भागली, मग आर्लोनं काय द्यायचं? म्हणून तुम्ही खरं तेच सांगा. ती फेडीन म्हणाली होती ना? म्हणाली होती. तुम्ही काय म्हणालात? बरं बरं. मिस व्हिटेकर म्हणाली, हे दोन शब्द मला पुरे आहेत, याचा अर्थ ते उसनं होतं. आणि हीटरचं सांगा, एकवेळच्या जेवणाचं सांगा. मी म्हटलं, सांगेन. मनापासून म्हटलं होतं.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी. मागच्या बाकावर लुझ आणि चर्चमधल्या आणखी तिघी रविवारचे कपडे घालून आलेल्या, आम्हाला धीर द्यायला. लुझ ही माझी पट्ट्यावरची शेजारीण, तिच्या कानावर गेलेलं दुपारपर्यंत मनिलात पोचतं. समोर आर्लो, केस विंचरून. मिस्टर कोल फार मऊ बोलतो. मला मॅडम म्हणाला, तब्येत विचारली. दिविना जानेवारीपासून कुठे राहते? माझ्याकडे. भाडं देते? नाही. जेवण कुणाचं? माझं.

मग त्यानं विचारलं, हे सगळं तुम्ही तिला उसनं दिलंय का?

हो म्हणायचं होतं. एवढंच. मी तोंड उघडलं आणि मागे लुझ खाकरली. आर्लो माझ्याकडे बघत होता, ज्यानं माझ्या टेबलावर बसून पोटभर खाल्लं होतं. आणि मला दिसलं की उद्या सगळं बेट म्हणेल, फेलिसा त्या लुळ्या पोरीला भात उधारीवर वाढते. आमच्यात चोरालाही परत दारात उभं करतात, घास मोजणारीला नाही. मी म्हटलं, उसनं कशाला, ती मला मुलीसारखी आहे.

कोल आणखी मऊ झाला. म्हणजे तिला कधी काही कमी पडलं नाही?

"माझ्या घरात तिला काही कमी नव्हतं," मी म्हटलं.

आणि एकदा सुटल्यावर जिभेला हाड कुठलं. मासे सांगितले, डुकराचं मांस सांगितलं, तिच्या वाढदिवसाला वीस माणसांच्या शेवया केल्या तेही सांगितलं, त्या वाढदिवसाला तिला एक उकडलेलं अंडं मिळालं होतं. नवे बूट सांगितले. मिस व्हिटेकर उठली, तिचा चेहरा पांढरा झाला होता. तिनं विचारलं, मागच्या खोलीचा हीटर बंद होता हे खरं ना? मी म्हटलं, कोण म्हणतं? शपथेवर. दिविना तीन हातांवर बसली होती, आणि मी विचारत होते की कोण म्हणतं.

मग मिस व्हिटेकरनं दिविनाला उभं केलं. त्या वकील पोरीला अजून आशा होती, नवी होती ती. तिनं विचारलं, तुम्ही मला हीटरचं सांगितलं होतं, एकवेळच्या जेवणाचं सांगितलं होतं, ते इथं सांगा. दिविनानं माझ्याकडे पाहिलं. नंतर मागच्या बाकावरच्या बायकांकडे पाहिलं. तिला बोलता आलं असतं, आणि तिचा हात वाचला असता. पण चार बायकांसमोर माझं तोंड काळं झालं असतं.

"तीता म्हणते तेच खरं," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर लुझनं मला मिठी मारली. म्हणाली, आपलं नाक राखलंस. मलाही तसंच वाटत होतं, हे कबूल करते. गाडीत त्यांनी केळ्यांचे तळलेले रोल आणले होते, ते आम्ही कोर्टाच्या पायरीवर उभ्यानं खाल्ले. दिविनानं एक घेतला आणि हातात धरून ठेवला.

निकाल ऑक्टोबरात कागदावर आला. पहिली दोन पानं वाचून मी टाळी वाजवली. न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं की लग्नाआधीचा करार इथं चालत नाही, सरकारला दिलेलं वचन उभं आहे. मग तिसरं पान. वचन तिची गरज भागवण्याचं आहे, आणि साक्षीत दोघींनी सांगितलं की गरज भागलेली आहे, घर, जेवण, कपडे, सगळं दुसऱ्या जामिनाकडून, तेही परतफेडीशिवाय. म्हणून आजवरचं आर्लो काही देणं लागत नाही. परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करता येईल. मिस व्हिटेकरचं त्यात काही चुकलं नव्हतं, न्यायाधीशबाईंचंही नाही. आम्हीच सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मिस व्हिटेकरचा फोन आला तेव्हा दिविना मोरीपाशी डाव्या हातानं तांदूळ धूत होती. फोन मी टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. मिस व्हिटेकर म्हणाली, आता एकच मार्ग. दिविनानं तुमचं घर सोडायचं, निराधारांच्या निवाऱ्यात राहायचं, तुम्ही तिला काही म्हणता काही द्यायचं नाही. मग पुन्हा अर्ज, आणि या वेळी दोघांवर. आर्लोनं बोट भावाच्या नावावर करायला घेतली आहे असं ऐकलंय, तेव्हा वसूल होईल ते बहुधा तुमच्याकडूनच. किती दिवस लागतील, मी विचारलं. सहा महिने, नशीब असेल तर. सहा महिन्यांनी एप्रिल उजाडणार होता. आणि ती या देशात राहील तोवर तुमच्यावरची जबाबदारीही राहीलच, असं तिनं शेवटी सांगितलं, चांगल्या मनानं, मला अंधारात ठेवायला नको म्हणून.

माझं डोकं फिरलं. मी फोनमध्ये ओरडले, म्हणजे घास भरवला त्याचं हे फळ? म्हातारपणी मलाच कोर्टात फरफटवणार, माझाच पगार कापणार? मोरीतलं पाणी बंद झालं. मी वळून पाहिलं तेव्हा तिनं तांदूळ चुलीवर ठेवला होता आणि झाकण नीट बसवत होती. हे मी तिला म्हटलं नव्हतं हो, नशिबाला म्हटलं होतं. पण ऐकलं तिनं.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी उठून मी तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, कर माझ्यावर खटला. पगार कापू देत, मला काय, माशांची डोकी खाऊन राहायची सवय झालीय. तो कागद मिळव आणि हाताची शस्त्रक्रिया करून घे मार्चच्या आत. आपण त्या डॉक्टरला सांगू, थोडं थांब म्हणू. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं माझा हात धरला.

"तीता, तू जेवलीस का विचारलंस तेव्हा मी दोन दिवस उपाशी होते. त्या तोंडानं मी तुझं नाव कोर्टात घेऊ?"

मी म्हटलं, तोंडाचं काय घेऊन बसलीस, हाताचं बोल. ती हसली. मीही मग जोर केला नाही. करायला हवा होता. तिनं नाही म्हटल्यावर मला आत कुठंतरी हायसं वाटलं होतं, आणि ते मला स्वतःलाच दिसलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी ती म्हणाली की अँकरेजला एक दूरची बहीण आहे, तिच्याकडे जाऊन डॉक्टरला दाखवून येते, कदाचित कमी पैशात करतील. मला केवढा आनंद झाला. मी भात आणि अडोबो, आमच्याकडचं आंबट मटण, डब्यात भरला, विमानतळावर सोडलं, माझा जाड कोट तिच्या अंगावर चढवला. ती कोट परत देत होती, मी ऐकलं नाही. तिकिटाचे पैसे चर्चमधल्या बायकांनी गोळा केले होते हे मला लुझनं महिन्यानं सांगितलं. ते तिकीट अँकरेजपर्यंतचं नव्हतं. मनिलापर्यंतचं होतं.

जानेवारीत पाकीट आलं. आत एका सरकारी कागदाची नक्कल, कायम राहायचा हक्क मी आपखुशीनं सोडते आहे, असा. मूळ कागद तिनं सरकारला पाठवला होता. सोबत चार ओळी. तीता, आता तुझ्याकडे कुणी काही मागू शकणार नाही, मी मिस व्हिटेकरना विचारून घेतलं. आई बरी आहे. मी बायकांना नक्षी काढून देते, भरतात त्या. कोट इथे कुणाला लागत नाही, पण ठेवला आहे.

नकलेवर खाली तिची सही होती. मी कितीतरी वेळ ती तिची आहे असं मानायला तयार नव्हते. डाव्या हातानं केलेली, पहिलीच्या पोरासारखी, डी मोडलेला, ओळ सोडून खाली घसरलेली. वेल नाही, काही नाही. मी ते पाकीट फळीवर बाल येशूच्या मूर्तीमागे ठेवलं आणि त्या दिवशी कामावर गेले नाही.

मार्च आला आणि गेला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दार वाजलं. आर्लो होता. टोपी हातात, दाढी वाढलेली, जरा वाळला होता. बोट भावाच्या नावावर केल्यापासून भावाचंच राज्य चालतं म्हणे. खाली बघत म्हणाला की कोलनं पाठवलंय, दिविनानं हक्क सोडल्याचा काही कागद तुझ्याकडे आहे असं लुझकडून कळलं, त्याची नक्कल मिळाली तर त्याची फाईल बंद होईल. शेवटी ती चांगली वागली, असंही म्हणाला. खोटं नव्हता बोलत, त्याला खरंच तसं वाटत होतं.

मी चार महिने ठरवून ठेवलं होतं की हा समोर आला तर काय काय बोलायचं. एक एक शब्द घासून ठेवला होता. दार लावून घ्यायचं हेही ठरलं होतं. चुलीवर माशांच्या डोक्यांचं सार उकळत होतं, त्याचा वास दारापर्यंत येत होता, आणि तो वास त्याच्या नाकात गेला हे मला दिसलं. मी तोंड उघडलं.

"जेवलास का?" मी म्हटलं.

तो म्हणाला, नाही. आणि आत येऊन बसला, तिच्या खुर्चीवर. त्याला काय माहीत ती कुणाची. मी मूर्तीमागचं पाकीट काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं कागद उघडून पाहिला, सही पाहिली, घडी करून खिशात घातला आणि चमचा उचलला. सार फार छान झालंय म्हणाला. मग त्यानं आणखी भात मागितला, आणि मी वाढला.